जागणारीला विचारा

बेळगावच्या वडगावात आमचं घर आणि माग एकाच छताखाली होते. पुढच्या सोप्यात आम्ही झोपायचो आणि मागल्या खोलीत चार पॉवरलूम होते. रात्रपाळी असली की त्यांचा खडखडाट पहाटेपर्यंत चालायचा आणि त्या आवाजात आम्ही भावंडं ढाराढूर झोपायचो. जाग यायची ती आवाज थांबल्यावर. धागा तुटला, धोटा अडकला, लाईट गेली, काहीही होऊन माग गप्प झाला की अण्णा अंथरुणात उठून बसायचे. मागवाल्याच्या घरात रात्री शांतता पसरली की काहीतरी बिघडलेलं असतं.

अण्णा स्वतःही घोरायचे, मागालाही मागे टाकतील असे. शेजारपाजारी त्याची चेष्टा करायचे, तेही हसायचे. आई हसायची नाही. ती म्हणायची, "यांचा आवाज चालू असला की मी झोपतो. बंद पडला की उठून बसतो." (बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, बेळगावात बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.) आवाज बंद पडला की ती अंधारात मोजत बसायची. मग दंडाला धरून गदागदा हलवायची, घशातून एक मोठी घरघर यायची आणि श्वास परत चालू व्हायचा. असं वीस वर्षं चाललं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. अण्णा अठ्ठावन्नाव्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यानं गेले. त्यांना झोपेतला श्वासरोध होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तपासलंच नाही तर म्हणायचं कसं? पण पुढे माझंच निदान झालं आणि डॉक्टर एकेक लक्षण वाचून दाखवू लागले, तेव्हा मला आईचं ते अंधारातलं मोजणं आठवत होतं.

या आजाराबद्दल माझं एकच म्हणणं आहे. तो सगळ्यात आधी कळतो तो शेजारी जागं असणाऱ्या माणसाला, आणि आपली आख्खी आरोग्यव्यवस्था, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून लायसन्सच्या दाखल्यापर्यंत, प्रश्न विचारते तो झोपणाऱ्याला. झोपणाऱ्याला काय ठाऊक असणार? तो सांगतो, "झोप एकदम गाढ."

आधी आजार समजून घेऊ. डॉक्टर त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. आपण झोपेतला श्वासरोध म्हणू. येळ्ळूरच्या शेतकऱ्याला तो एका वाक्यात समजेल. पाण्याच्या मोटरीला ओढत्या बाजूनं मऊ पाईप लावला तर काय होतं? मोटर ओढते, पाईप चपटा होतो, पाणी येत नाही. म्हणून ओढत्या बाजूला कडक पाईप लागतो. आपल्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, पण जिभेच्या मागचा घशाचा भाग नुसता मऊ मांसाचा आहे. जागेपणी तिथले स्नायू तो रस्ता उघडा धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, उताणं झोपलं तर जीभ मागे सरते, मानेभोवती चरबी असली तर तिचा दाब येतो आणि फुप्फुसं हवा ओढू लागली की ही नळी आत बसते. अर्धवट बसली की घोरणं ऐकू येतं, पूर्ण बसली की शांतता. छाती आणि पोट हलत असतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून दोन-तीन सेकंदांपुरता जागा होतो, स्नायू ताणतो आणि श्वास मोकळा होतो. झोपलेल्याला यातलं काहीही आठवत नाही.

श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडला तर तो एक अडथळा धरतात. अर्धवट अडलेले श्वासही मोजतात. तासाला असे ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा तरी गळा आवळल्यासारखं होणं, तेही रात्रभर. प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो, हृदयाची धडधड वाढते. सकाळी तोंड कोरडं पडलेलं, डोकं जड, रात्री चार वेळा लघवीला उठलेला, दिवसा दुकानाच्या गल्ल्यावर पेंगणारा, घरात बारीकसारीक गोष्टीवरून करवादणारा असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण त्याला आळशी म्हणतो, नाहीतर 'वय झालं' म्हणतो.

माझंच घ्या. मी एका सोसायटीत हिशेबाचं काम करतो. दुपारी तीननंतर लेजरवर मान पडायची. आधी रक्तदाबाची एक गोळी होती, मग दोन, मग तीन. तीन गोळ्या घेऊनही दाब आटोक्यात येत नसेल तर श्वासरोधाची शंका घ्यावी, हे डॉक्टरी पुस्तकांत लिहिलेलं आहे. पण तीन वर्षांत तीन ठिकाणी दाखवलं आणि प्रत्येकानं मलाच विचारलं, "झोप कशी आहे?" मी म्हणायचो, "उशीला डोकं टेकलं की लागली." डॉक्टर खूश, मी खूश. बायको माझ्या मागच्या खुर्चीत बसलेली असायची. तिच्याकडे कुणी मान वळवली नाही.

चौथ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरनं तिला विचारलं. ती म्हणाली, "घोरतात त्याचं काय नाही डॉक्टर. बंद पडतात तवा मी उठून बसतो." डॉक्टर बाहेरगावचे होते. त्यांनी लिहून घेतलं की रुग्ण रात्री उठून बसतो. मग तिनंच हात हलवून सांगितलं, "हे नाही ओ, मी! मी बसतो. हे झोपलेलेच असतात." सगळे हसलो. पण त्या एका क्रियापदावर माझी सगळी तपासणी अडून होती. कागदावर ती वेगळ्याच आजाराकडे गेली असती.

इथे भाषेचं भांडण आणायचा मोह होतो. सीमाभागात राहणाऱ्याला तो पावलोपावली होतो. कागद कन्नडमध्ये, बोलणं मराठीत आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत ही आमची रोजची गंमत आहे, आणि मराठीत परिपत्रकं मिळावीत ही मागणी माझ्या वयाहून जुनी आहे. ती रास्तही आहे. पण खरं सांगायचं तर ज्या तिघांनी बायकोला काही विचारलं नाही त्यांतले दोघं अस्सल मराठी बोलणारे होते, आणि तपासणीच्या रात्री माझ्या अंगावर वायरी लावणारा पोरगा कन्नड होता. त्यानं तिला मोडक्या मराठीत सगळं नीट विचारून घेतलं. कन्नडमध्ये घोरण्याला गोरके म्हणतात. घोरणं आणि गोरके हे शब्द कानाला तरी चुलतभाऊ वाटतात, आणि दोन्ही बाजूंच्या बायकांना तो आवाज सारखाच ओळखता येतो. भाषा हवीच, पण भाषा येऊनही प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला तर उपयोग शून्य.

ती तपासणीची रात्र विसरण्यासारखी नाही. टाळूला आणि कपाळाला डिंकासारखं काहीतरी लावून वायरी चिकटवल्या, डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीला एक. नाकाखाली नळी, छातीला पट्टा, पोटाला पट्टा, पायाला वायरी, बोटाला चिमटा. आता झोपा म्हणाले! वाटलं, अशात कुणाला झोप लागणार? पण लागली, आणि तासाला ३८ वेळा श्वास अडला. एरवी ९५ च्या वर असावा तो ऑक्सिजन एकदा ७१ पर्यंत उतरला होता. ते आकडे पाहून मी घाबरलो. बायको घाबरली नाही. म्हणाली, "मी हेच म्हणत होतो."

हा आजार दुर्मीळ असता तर इतकं लिहिलं नसतं. २०२३ साली भारतातल्या आजवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढ भारतीयांपैकी सुमारे ११ टक्क्यांना श्वासरोध असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे १० कोटींहून जास्त माणसं, आणि त्यांतल्या साधारण पावणेपाच कोटींना मध्यम किंवा तीव्र. बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं आणि चार दिवस वाहिन्यांवर त्याची चर्चा झाली. मग विषय संपला. लोकांच्या मनात मात्र राहिलं की हा सोन्याच्या साखळ्या घालणाऱ्या जाड माणसांचा रोग.

वजनाचा संबंध आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर अडथळे साधारण एक तृतीयांशानं वाढतात, आणि तेवढंच कमी केलं तर पाव हिश्शानं घटतात असं एका जुन्या दीर्घ अभ्यासात दिसलं होतं. चाळीस सेंटिमीटरच्या वर कॉलर लागणाऱ्यानं सावध व्हावं. पण आपल्याकडे बारीक अंगाच्या माणसांनाही हा आजार होतो. हनुवटी मागे असली, जबडा लहान असला की घशातली जागा मुळातच अरुंद असते. वरून रात्रीची क्वार्टर. झोप येत नाही म्हणून पिणारे आणि झोपेची गोळी घेणारे दोघंही त्याच सैल स्नायूंना आणखी सैल करत असतात. थायरॉईड कमी असेल तरी होतो. लहान मुलांत तो बहुतेकदा टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठीमुळे होतो. पोरगं तोंड उघडं टाकून झोपतं, अंथरूण ओलं करतं, वर्गात लक्ष देत नाही, आणि मास्तर त्याला मठ्ठ ठरवतात. गाठी काढल्या की बहुतेक पोरं सुधारतात.

त्या आढाव्यातला एक आकडा मला जास्त खुपतो. पुरुषांत १३ टक्के, बायकांत ५. बायकांत प्रमाण कमी असतं हे खरं आहे आणि पाळी गेल्यावर ते वाढतं हेही खरं. पण बायकांचे आकडे सगळे वर आलेत यावर माझा विश्वास नाही. मी घोरत होतो आणि बायको जागी होती म्हणून माझं निदान झालं. ती घोरत असेल तर कोण जागं आहे? नवरा तर आधीच घोरतोय. शिवाय पुरुषाचं घोरणं ही थट्टा आणि बाईचं घोरणं ही लाज. आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा तिच्या शिक्षणापासून कुंडलीपर्यंत सगळं सांगतात. ती घोरते हे तिच्या आईनं मावशीलासुद्धा सांगितलेलं नसतं. बायकांची लक्षणंही वेगळी वळतात. दिवसा पेंगण्यापेक्षा झोप न लागणं, डोकं दुखणं, अंगात त्राण नसणं, मन उदास होणं. यातलं काहीही घेऊन बाई दवाखान्यात गेली की रक्ताच्या गोळ्या मिळतात, नाहीतर 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला. निपाणीत दिवसभर सुपात मान घालून विड्या वळणाऱ्या बाईला 'थकवा येतो का?' विचारलं तर ती तुमच्याकडे बघून हसेल. थकवा येत नाही असा दिवस तिनं पाहिलेला नसतो. तिच्याबद्दल विचारायचं तर तिच्याजवळ झोपणाऱ्या लेकीला, सुनेला विचारावं लागेल. आशाताई घरोघर जातात, दाब मोजतात, साखर बघतात. त्यांनी त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाला बाजूला घेऊन दोनच प्रश्न विचारावेत: झोपेत घोरतात का, आणि मधेच श्वास थांबतो का? मराठी घरात मराठीत, कन्नड घरात कन्नडमध्ये. याला यंत्र लागत नाही की निधी.

आता रस्त्याकडे येऊ, कारण तिथे हा आजार एका घरापुरता राहत नाही. गोव्याच्या बाजारातली बरीचशी भाजी बेळगावातून जाते. ते टेम्पो मध्यरात्रीनंतर निघतात आणि चोर्ला घाटातून पहाटे गोव्यात उतरतात. पुणे-बंगळूर महामार्गावर कोगनोळीपासून कित्तूरपर्यंत रात्री ट्रकांची रांग तुटत नाही. गाडी चालवण्याच्या आधी दिवसा जे चार तास झोपायला मिळतात, त्यांत श्वास अडत असेल तर ती झोप झालीच नाही असं समजा. श्वासरोध असलेल्या चालकाला अपघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट-अडीचपट असतो असं अनेक अभ्यासांत मिळून दिसलं आहे. दारू प्यायलेल्याला पोलीस नळीत फुंकायला लावतात. तीन सेकंद डुलकी लागलेल्याला पकडायची नळी अजून निघालेली नाही. ताशी साठच्या वेगानं गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. घाटात तेवढ्यात वळण संपून दरी येते.

आणि आपण तपासतो काय? व्यावसायिक लायसन्ससाठी डॉक्टरचा दाखला लागतो, नमुना १-अ. नजर, रंग, कान, हातपाय, रातांधळेपणा. झोपेचा त्यात विषयच नाही. ब्रिटनमध्ये या आजारानं दिवसा झोप येत असेल तर चालकानं लायसन्स खात्याला कळवणं बंधनकारक आहे. युरोपीय संघानं २०१४ साली आपल्या लायसन्सच्या नियमांतच त्याचा समावेश केला. आमच्याकडे तसाच नियम उद्या आणला तर काय होईल तेही मला दिसतं. ड्रायव्हर खरं सांगणारच नाहीत, कारण सांगितलं तर पोट जातं. म्हणून नियमाच्या आधी उपचाराची सोय हवी: निदान झालं, यंत्र मिळालं, दोन महिन्यांनी यंत्राच्या नोंदी दाखवल्या, परत स्टिअरिंगवर. नोंदी खोट्या करणं सोपं नाही, यंत्र किती तास चाललं ते त्याच्या आतच साठतं. हा आजार असलेला आणि उपचार घेणारा चालक लपवणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा.

उपचाराची गोष्ट गमतीची आहे. १९८१ सालापर्यंत तीव्र रुग्णाला गळ्याला भोक पाडून घेण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. त्या वर्षी सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीपासून केलेल्या यंत्रानं नाकावाटे हलक्या दाबाची हवा सोडून पाच रुग्णांचा घसा रात्रभर उघडा ठेवल्याचं प्रसिद्ध केलं. मऊ पाईप आत बसू नये म्हणून त्यात सतत हवा भरलेली ठेवायची, एवढंच. त्याचं नाव सीपॅप. आज ते उशाशी मावेल एवढं आणि आवाज न करणारं झालंय, पण उद्यमबागेतल्या कुठल्याही फिटरच्या हातात दिलं तर तो आत बघून म्हणेल, ब्लोअर आहे की! सौम्य आजारात दातांच्या डॉक्टरकडून खालचा जबडा पुढे धरणारी कवळी करून घेता येते, कुशीवर झोपण्याची सवय उपयोगी पडते (बनियनला पाठीवर चेंडू शिवायची जुनी युक्ती अजूनही चालते), काहींना शस्त्रक्रिया लागते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत तिर्झेपाटाईड हे वजन घटवणारं इंजेक्शन लठ्ठ रुग्णांतल्या श्वासरोधासाठी मान्य झालं. ते आपल्याकडेही मिळू लागलंय, पण त्याचा महिन्याचा खर्च ऐकून माझा दाब वाढला.

या यंत्राबद्दल शंका घेणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं सगळंच उडवून लावता येत नाही. २०१६ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेले २,७०० रुग्ण, निम्म्यांना सीपॅप, निम्म्यांना नाही. यंत्रामुळे पुढचे हृदयविकाराचे आणि अर्धांगाचे झटके टळले, असं त्यातून दिसलं नाही. तेव्हा 'मशीन लावा, अ‍ॅटॅक टळेल' असं छापून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण त्याच चाचणीत रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं, आणि तरीही त्यांचं दिवसाचं पेंगणं कमी झालं, मनःस्थिती सुधारली, कामावरच्या रजा घटल्या. पावसात निम्मा रस्ता छत्री मिटून चाललात तर भिजणारच. शिवाय टेम्पोवाल्याला दहा वर्षांनंतरच्या हृदयाच्या आधी आज रात्रीचा घाट पार करायचा असतो, आणि त्याचं पेंगणं यंत्रानं सहसा कमी होतं. प्रत्येक घोरणाऱ्याला यंत्र लावा असं मात्र मी म्हणत नाही. नुसतं घोरणाऱ्यांतल्या अनेकांना श्वासरोध नसतो. म्हणून तर तो दुसरा प्रश्न महत्त्वाचा: मधेच थांबतात का?

आता पैसा. यंत्र आणि मास्क मिळून तीस-चाळीस हजारांच्या घरात जातं, चांगलं हवं तर त्याच्याही पुढे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत त्याचा खर्च परत मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे सरकारला हे यंत्र म्हणजे चैन नाही हे ठाऊक आहे. फक्त ते कुणाच्या नाकावर लागणार यावर पैसे अवलंबून आहेत. खासगी आरोग्य विम्याची तऱ्हा तर वाचण्यासारखी आहे. पॉलिसीतल्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ किंवा त्याहून जास्त असेल आणि सोबत तीव्र श्वासरोध असेल, तर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. घरी लावायच्या यंत्राचे पैसे मात्र बहुतेक पॉलिसी देत नाहीत. पोट कापून घ्यायला पैसे आहेत, हवा घ्यायला नाहीत.

आणि आमच्या सीमाभागाचं काय सांगावं? १ नोव्हेंबर १९५६ पासून आम्ही कोणाचे हा प्रश्न पडून आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२३ साली महाराष्ट्रानं इथल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना देऊ केली, कर्नाटकानं हरकत घेतली आणि कार्डावरून राजकारण पेटलं. माझा या वादात पक्ष आहे आणि तो मी लपवत नाही. पण इकडचं कार्ड घ्या की तिकडचं, दोन्ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. झोपायला रोज घरीच जाणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग काय? दोन्ही सरकारं ज्या कार्डासाठी भांडली त्यात हा आजार नीट बसतच नाही, आणि हे दोन्हीकडच्या एकाही पुढाऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

सरकार येईपर्यंत आपण काय करू शकतो याचं उत्तर बेळगावात शोधायला लांब जावं लागत नाही. इथे मंडळं, सोसायट्या, देवस्थानं कमी नाहीत. वॉकर, व्हीलचेअर, पाण्याची गादी भाड्यानं किंवा फुकट देणारी रुग्णसाहित्य केंद्रं मराठी गावांना नवी नाहीत. २०२१ च्या त्या भयानक उन्हाळ्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेच दारोदार फिरले. सीपॅप यंत्र त्याच कपाटात ठेवता येतं. मास्क आणि नळी ज्याची त्यानं नवी घ्यायची, गाळणी बदलायची, दाब किती ठेवायचा ते डॉक्टरनं लिहून द्यायचं. महिनाभर वापरून बघितलं आणि सोसलं तर विकत घ्यायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण चाळीस हजार मोजून आणलेलं यंत्र पहिल्या आठवड्यात कपाटावर जाऊन बसलेली घरं मी पाहिली आहेत. पहिले पंधरा दिवस नाक कोरडं पडतं, मास्कची पट्टी गालावर वळ उठवते, घुसमटल्यासारखं होतं. त्या पंधरा दिवसांत कुणीतरी फोन करून विचारणारं लागतं. मला विक्रेत्यानं यंत्र देताना भरपूर वेळ दिला. मास्कमधून हवा गळू लागल्यावर मात्र त्यानं माझा फोन उचलला नाही. शेवटी एका ओळखीच्या गृहस्थांनी, ते स्वतः सहा वर्षं यंत्र वापरतात, घरी येऊन पट्टी कशी आवळायची ते दाखवलं. दहा मिनिटांचं काम होतं.

तपासणीसाठीही सगळ्यांना शहरात एक रात्र काढायची गरज नाही. ज्याच्यात शंका दाट आहे आणि दुसरे मोठे आजार नाहीत, त्याला घरी नेता येईल असं छोटं यंत्र असतं: नाकाची नळी, छातीचा पट्टा, बोटाचा चिमटा. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात अशी दोन-तीन असली तर जांबोटीच्या, कणकुंबीच्या माणसाला ते घेऊन जाऊन दुसऱ्या दिवशी परत करता येईल. खानापूरच्या त्या पट्ट्याची एक वेगळी अडचण आहे. पावसाळ्यात तिथे झाडं पडून लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, आणि सीपॅप विजेवर चालतं. तिथल्या रुग्णाला यंत्रासोबत बॅटरी लागेल. शहरातल्या डॉक्टरला हे सुचत नाही, यंत्र विकणाऱ्याला सुचतं पण तो ती वेगळी विकतो.

मला यंत्र लावून आता दोन वर्षं होत आली. तीन गोळ्यांच्या दोन झाल्या आहेत. दुपारी लेजरवर मान पडत नाही. घरात मी कमी करवादतो असं मुलगी सांगते, म्हणजे ते खरं असणार.

पण मास्कची पट्टी सैल झाली की मला मधेच जाग येते. गेल्या वर्षी अशीच जाग आली आणि खोलीत घोरण्याचा आवाज होता. क्षणभर वाटलं माझंच यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं, बायको घोरत होती. आणि मधेच आवाज थांबला. मी अंधारात मोजू लागलो. चौदापर्यंत आलो तेव्हा तिनं श्वास घेतला. इतकी वर्षं ती माझ्या आवाजाखाली झाकली गेली होती, की हे आत्ताच सुरू झालं, ते सांगायला कुणी साक्षीदार नाही. सकाळी तिला सांगितलं तर म्हणाली, "काहीतरीच. मी कुठं घोरतो?" तपासणीची तारीख दोनदा घेऊन झाली आहे. एकदा गणपती आले, एकदा तिच्या माहेरी भाताची मळणी निघाली.